डिजिटल गेम्स घेताय? मग आधी अकाउंट सांभाळायला शिका (नवीन लोकांसाठी, स्टेप बाय स्टेप)

नवीन कन्सोल नाहीतर पीसी आला की पहिले काही महिने आपण सेल बघून गेम्स घेतच सुटतो, लायब्ररी भरत जाते, बरं वाटतं. पण ते सगळं एका ईमेल आयडीवर आणि एका पासवर्डवर लटकलंय हे कोणाच्या डोक्यात येत नाही, आणि येतं तेव्हा बहुतेक वेळा लॉगिन बंद झालेलं असतं. माझं एक जुनं अकाउंट लॉक झालं होतं ते मी सोडवून आणलंय (कुठल्या स्टोअरचं ते जाऊद्या), आणि त्यानंतर ओळखीतले बरेच जण अशाच भानगडी घेऊन आले, त्यामुळे सपोर्टवाले काय विचारतात, माणूस कुठे अडतो हे आता पाठ झालंय. तेच क्रमाने लिहितोय. एका बसणीत सगळं करायची गरज नाही, पण ३ आणि ४ नंबर आजच करा.

लागणाऱ्या गोष्टी:
- स्वतःचा, कायम टिकणारा ईमेल (कॉलेजचा, ऑफिसचा नको)
- ऑथेंटिकेटर ॲप (लॉगिनसाठी दर वेळी नवा कोड दाखवणारं) असलेला फोन
- पासवर्ड मॅनेजर, नाहीतर सरळ एक वही
- खरेदीच्या सगळ्या पावत्या, त्यातही सगळ्यात जुनी
- कन्सोलचा सिरीयल नंबर (बॉक्सवर असतो, मशीनवरही असतो)
- जमलं तर एक एक्सटर्नल हार्ड डिस्क

१. आपण नक्की काय घेतोय ते समजून घ्या

स्टीम, एपिक (ही पीसीची स्टोअर), प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निन्टेन्डो (ही कन्सोलवाल्यांची), सगळीकडे पैसे भरल्यावर आपल्याला मिळतं ते गेम खेळायचं लायसन्स. तेही आपल्या अकाउंटला चिकटलेलं, दुसऱ्याला विकता येत नाही, देता येत नाही. ही लपवाछपवी नाहीये, करारात स्पष्ट लिहिलेलं असतं, फक्त तो कोणी वाचत नाही. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला, १ जानेवारी २०२५ पासून तिथे ग्राहकाला हे लायसन्स आहे असं स्पष्ट सांगावं लागतं, आणि स्टीमने त्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, चेकआउटच्या पानावर तशी ओळ टाकली.

आता इथे लोक चार वेगवेगळ्या गोष्टींची खिचडी करतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. गेम दुकानातून काढला म्हणजे नवीन कोणी घेऊ शकत नाही, पण ज्यांनी आधी घेतलाय त्यांना सहसा परत डाउनलोड करता येतो. सर्व्हर बंद झाले म्हणजे ऑनलाइन भाग गेला, ऑफलाइन भाग असेल तर तो चालतो. लायसन्स काढून घेतलं म्हणजे तो एक गेम लायब्ररीतून गेला. आणि अकाउंटच बंद झालं म्हणजे सगळंच गेलं, त्या गेमचे सर्व्हर धडधडत चालू असले तरी तुम्हाला त्याचा उपयोग शून्य. बातम्या पहिल्या तिन्हींच्या येतात, पण प्रत्यक्षात माझ्या ओळखीत ज्यांचं नुकसान झालं त्यांचं जवळपास सगळ्यांचं चौथ्या प्रकाराने झालं.

तिसऱ्या प्रकाराचं गाजलेलं उदाहरण म्हणजे युबिसॉफ्टचा 'द क्रू'. २०१४ चा गेम, एकट्याने खेळायचा तरी नेट लागायचंच. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि नंतर लोकांच्या लायब्ररीतून लायसन्सही काढून घेतलं. त्यावरूनच रॉस स्कॉट नावाच्या यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम सुरू केली, युरोपात तिच्या मागणीवर १० लाखांच्या वर सह्या झाल्या. उलट बाजूही आहे, गुगलने जानेवारी २०२३ मध्ये स्टेडिया ही त्यांची ऑनलाइन गेमिंग सेवा बंद केली तेव्हा गेम्सचे पैसे परत दिले, सोनीने २०२४ मध्ये 'कॉनकॉर्ड' रिलीज झाल्यावर दोन आठवड्यांत बंद केला तेव्हाही रिफंड दिला. पण ते त्यांनी दिले म्हणून मिळाले, दरवेळी मिळतील असं धरून चालू नका.

२. पैसे भरण्याआधी दोन मिनिटं थांबा

स्टीमवर गेमच्या पानाच्या उजव्या बाजूला बारीक चौकट असते, तिथे थर्ड पार्टी डीआरएम (गेम कॉपी होऊ नये म्हणून लावलेलं डिजिटल कुलूप) किंवा दुसऱ्या कंपनीचं अकाउंट लागेल असं लिहिलेलं असतं. ते लिहिलं असेल तर समजा की एका गेमसाठी तुम्ही दोन कुलपं लावून घेताय, दोन्हीपैकी एक जरी अडकलं तरी गेम बंद. पीसी गेमिंग विकीवर गेमचं नाव टाकलंत की कुठल्या स्टोअरच्या कॉपीत कसलं डीआरएम आहे ते बऱ्यापैकी कळतं, मी घेण्याआधी तिथे बघतोच.

एकट्याने खेळायच्या गेमला कायम नेट लागत असेल तर पूर्ण किमतीत घेऊ नका, सेलमध्ये घ्या आणि खेळून मोकळे व्हा. असे गेम साठवून ठेवायचे नसतात.

'हेलडायव्हर्स २' चं माहीत असेलच, मे २०२४ मध्ये सोनीने पीसीवाल्यांना सांगितलं की पीएसएन (प्लेस्टेशन नेटवर्क) अकाउंट जोडावंच लागेल, आणि बऱ्याच देशांत तर पीएसएन अकाउंट उघडताच येत नाही. लोकांनी निगेटिव्ह रिव्ह्यूंचा पाऊस पाडला तेव्हा काही दिवसांत माघार घेतली. म्हणजे आज जोडायला लागत नाही म्हणून उद्या लागणार नाही असं नसतं.

डिस्क किंवा कार्ड घेतलं म्हणजे सुटलो असंही नाही. निन्टेन्डोच्या स्विच २ च्या काही गेम्सना गेम-की कार्ड येतं, त्यात गेम नसतोच, नुसती चावी असते, गेम डाउनलोडच करावा लागतो. बॉक्सवर लिहिलेलं असतं, वाचून घ्या.

स्वस्तात 'की' (गेम अकाउंटवर चालू करायचा कोड) विकणाऱ्या साइट्सबद्दल एकच सांगतो. जानेवारी २०१५ मध्ये युबिसॉफ्टने 'फार क्राय ४' वगैरेच्या की बंद केल्या होत्या कारण त्या चोरीच्या क्रेडिट कार्डवर घेऊन पुढे विकल्या होत्या, आणि ज्यांनी इमानदारीत पैसे देऊन घेतल्या त्यांचे गेम लायब्ररीतून गेले. थोडे पैसे वाचतात हे खरं, पण की कुठून आली हे तुम्हाला कधीच कळत नाही.

३. ईमेल नीट करा (हीच सगळ्यात महत्त्वाची स्टेप)

गेमिंग अकाउंटचा खरा मालक म्हणजे ज्याच्या हातात तो ईमेल आहे तो. पासवर्ड रीसेटची लिंक तिथेच येते, नवीन लॉगिनचा कोड तिथेच येतो, खरेदीची पावतीपण तिथेच. त्यामुळे कॉलेजचा ईमेल वापरून अकाउंट काढलं असेल तर आजच बदला, कॉलेज संपलं की तो आयडी बंद होतो आणि मग रीसेटची लिंक कुठे जाते ते देवालाच ठाऊक. ऑफिसच्या ईमेलचंही तेच. इंटरनेट कंपनीने दिलेला ईमेल असेल तर कनेक्शन बदललं की तोही जातो.

माझा सल्ला असा की गेम्ससाठी वेगळा ईमेल काढा, तो दुसरीकडे कुठेही देऊ नका, त्याला स्वतःचा वेगळा पासवर्ड आणि टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय आणखी एक कोड मागणारं लॉगिन) लावा. आणि महिन्यातून एकदा तरी उघडून बघा, कारण वापरात नसलेले ईमेल अकाउंट पण बंद करतात, मग एकावर एक सगळंच कोसळतं.

जन्मतारीख खोटी टाकू नका. लहानपणी सगळ्यांनी १ जानेवारी टाकून अकाउंट काढलेलं असतं, पण अकाउंट सोडवताना जन्मतारीख विचारतात आणि तेव्हा कुठली टाकली होती ते आठवत नाही. आधीच टाकून बसला असाल तर निदान ती वहीत लिहून ठेवा. देशाचंही तसंच, प्लेस्टेशनच्या अकाउंटचा देश नंतर बदलता येत नाही. स्टीमवर बदलता येतो पण तीन महिन्यांतून एकदाच, आणि तोही खरोखर दुसरीकडे राहायला गेलात तर. स्वस्त पडतं म्हणून व्हीपीएन लावून दुसऱ्या देशातून खरेदी करणं नियमात बसत नाही, पकडलं गेलं तर खरेदीवर निर्बंध येतात.

४. टू-फॅक्टर लावा, पण बॅकअप कोडसकट

टू-फॅक्टर लावा असं सगळेच सांगतात, बॅकअप कोडचं (फोन हाताशी नसताना लॉगिनला चालणारे कोड) कोणी सांगत नाही. आणि मग फोन हरवला की स्वतःच्याच अकाउंटबाहेर माणूस उभा.

स्टीमचं मोबाइल ऑथेंटिकेटर लावलंत की एक रिकव्हरी कोड मिळतो, आर अक्षराने सुरू होतो. तो कागदावर लिहा. स्क्रीनशॉट काढून त्याच फोनमध्ये ठेवू नका, फोन गेला की तोही गेला ना. बाकीच्या स्टोअरमध्येही बॅकअप कोड असतात, सिक्युरिटी सेटिंग्जमध्ये शोधलं की सापडतात, एकेक कोड एकदाच चालतो त्यामुळे वापरला की खोडायचा.

फोन बदलताना क्रम लक्षात ठेवा: आधी नवीन फोनवर ऑथेंटिकेटर हलवायचं, मग लॉगिन करून बघायचं, आणि मगच जुना फोन पुसायचा. जुना फोन एक्सचेंजमध्ये देऊन आल्यावर हे आठवणारे लोक मी पाहिलेत. सिम बंद करताय किंवा नंबर बदलताय तर त्याआधी अकाउंटवरचा नंबर बदला, बंद झालेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्याला देते.

५. पावत्या जपून ठेवा

ईमेलमध्ये एक फोल्डर करा, सगळ्या पावत्या तिकडे. सगळ्यात जुनी पावती पीडीएफ करून वेगळी ठेवा, कारण अकाउंट तुमचंच आहे हे सिद्ध करायला तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडते, हॅकरकडे बाकी सगळं असू शकतं पण काही वर्षांपूर्वीची पहिली खरेदी कशाने केली होती हे सहसा नसतं. गिफ्ट कार्ड वापरलं असेल तर कार्ड फेकू नका. बॉक्समधली सीडी की स्टीमवर टाकली असेल तर तिचा फोटो काढून ठेवा, स्टीम सपोर्ट मालकीचा पुरावा म्हणून ती मागू शकतं. बँक कार्ड बदललं तरी जुन्याचे शेवटचे चार आकडे लिहून ठेवा (चारच, अख्खा नंबर कोणालाही द्यायचा नाही).

६. बँकेकडून पैसे परत मागवण्याची घाई करू नका

गेम आवडला नाही, चालला नाही, दोनदा पैसे कापले, की लोक थेट बँकेत तक्रार करून व्यवहार उलटवतात. पैसे येतात पण बऱ्याच स्टोअरमध्ये अकाउंट लॉक होतं, आणि एका गेमपायी बाकी सगळे अडकतात. आधी स्टोअरकडेच रिफंड मागा. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर साधारण मिळतोच, जीओजीवर (डीआरएम नसलेले पीसी गेम विकणारं स्टोअर) ३० दिवस असतात. कार्ड खरंच चोरीला गेलं असेल तर अर्थातच बँकेत जा, पण त्याच दिवशी स्टोअरलाही कळवा.

७. फसवणूक कशी होते ते एकदा बघून ठेवा

पासवर्ड 'तोडून' सहसा कोणी आत येत नाही हो, बहुतेक वेळा आपणच देतो. ठराविक स्क्रिप्ट अशी. फ्रेंड लिस्टमधल्या ओळखीच्या आयडीवरून मेसेज येतो (त्याचं अकाउंट आधीच गेलेलं असतं):

"भाऊ सॉरी यार, एकजण मला फसवत होता त्याला रिपोर्ट करायला गेलो आणि चुकून तुला रिपोर्ट केलं"
"म्हणजे?"
"तुझं अकाउंट बॅन होईल आज रात्री. मी सपोर्टशी बोललोय, हा त्यांचा आयडी, लगेच बोल त्याच्याशी"

मग तो 'सपोर्टवाला' चॅटवर येतो, प्रोफाइलला कंपनीचा लोगो, बोलणं एकदम ऑफिशियल, आणि तपासणीसाठी ईमेल बदलायला सांगतो, नाहीतर फोनवर आलेला कोड मागतो. कोड दिलात की संपलं. खरा सपोर्ट चॅट ॲपवर येऊन बोलत नाही आणि कोड मागत नाही, कधीच. चुकून रिपोर्ट झाल्याने बॅन होत नाही.

दुसरा प्रकार 'आमच्या टीमला व्होट कर' वाली लिंक. उघडली की स्टीमची लॉगिन विंडो येते, वर पत्ता पण बरोबर दिसतो, पण ती विंडो खोटी असते, त्या पानातच काढलेलं चित्र. ओळखायची युक्ती सोपी आहे, विंडो माउसने धरून ब्राउझरच्या बाहेर ओढून बघा, खोटी असेल तर बाहेर येतच नाही. क्यूआर कोडने लॉगिन करायला सांगणाऱ्या अनोळखी साइटवर स्कॅन करू नका, तुमच्या स्कॅनने समोरचा आत येतो.

८. शेअरिंग करताना

स्टीम फॅमिलीत ६ जण बसतात, सोय चांगली आहे. पण तुमच्या कॉपीवर खेळताना फॅमिलीतल्या कोणी चीटिंग केलं आणि त्याला बॅन केलं तर त्या गेममध्ये तुम्हीही बॅन होता. लहान भाऊ कुठल्या हॅकचे व्हिडिओ बघतो ते माहीत असू द्या. अकाउंटचा पासवर्डच मित्रांमध्ये वाटणं हा प्रकार तर नकोच, आणि अर्ध्या किमतीत 'गेमसकट अकाउंट' विकणाऱ्यांकडून तर अजिबात घेऊ नका, मूळ मालक पहिल्या पावतीच्या जोरावर ते कधीही परत घेऊ शकतो.

९. जे बाहेर काढून ठेवता येतं ते काढा

जीओजीवर घेतलेल्या गेम्सचे ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतात, ते डाउनलोड करून हार्ड डिस्कवर ठेवले की इन्स्टॉल करायला अकाउंट लागत नाही. तिथे घेऊन डाउनलोडच केलं नाही तर फायदा अर्धाच, हे लक्षात घ्या. स्टीमचा ऑफलाइन मोड चालू करायचा तर आधी नेट असताना गेम अपडेट करून एकदा चालवून ठेवा. प्लेस्टेशन ५ वर कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले चालू आहे ना बघा, एक्सबॉक्सवर तुमचं मशीन होम एक्सबॉक्स म्हणून लावलेलं पाहिजे (हे वर्षातून ५ वेळाच बदलता येतं). एप्रिल २०११ मध्ये पीएसएन २३ दिवस बंद होतं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जवळपास एक दिवस, अशा वेळी हे सेटिंग असलं की निदान ऑफलाइन गेम्स तरी चालतात.

सेव्ह फाइल्स विसरू नका. पीएस ५ गेम्सचे सेव्ह एकेक करून पेनड्राइव्हवर कॉपी करता येत नाहीत, क्लाउडवर ठेवता येतात, आणि त्याला प्लेस्टेशन प्लसची मेंबरशिप लागते. पीएस ४ वाल्यांचे घेता येतात. स्विचवरही मेमरी कार्डवर सेव्ह कॉपी होत नाही.

१०. अकाउंट लॉक झालंच तर

आधी ईमेल सुरक्षित करा, गेमिंग अकाउंट नंतर. बहुतेक जण उलटं करतात, आणि ईमेल हॅकरच्या हातात असेल तर तुम्ही बदललेला पासवर्ड तो परत बदलतो. मग इनबॉक्समध्ये 'तुमचा ईमेल बदलला' असा मेसेज आलाय का शोधा, त्यात बऱ्याचदा बदल रद्द करायची लिंक असते. ईमेलचे फॉरवर्डिंगचे नियमही तपासा, चोर तिथे गुपचूप नियम टाकून ठेवतात.

त्यानंतर कंपनीच्या अधिकृत साइटवरून तिकीट टाका. एकच टाका, रोज नवीन टाकलंत तर नंबर मागे जायची शक्यता जास्त. तिकिटात रडगाणं नको, मुद्दे लिहा: अकाउंटचं नाव, पहिला ईमेल, केव्हापासून आहे, पहिली खरेदी कुठली आणि कशाने, शेवटचं नीट लॉगिन केव्हा, काय बदललेलं दिसतंय. माझ्या वेळी पहिलं उत्तर साचेबंद आलं, वाचलेलंच नाही असं वाटावं इतकं. पावतीचा स्क्रीनशॉट जोडला होता तो चालला नाही, अख्खा ईमेल पीडीएफमध्ये मागितला, वरची तारीख आणि ऑर्डर नंबर दिसेल असा. तो पाठवल्यावर गाडी हलली. त्यामुळे तुम्ही पहिल्याच तिकिटाला पूर्ण पीडीएफ जोडा. आणि 'पैसे द्या, अकाउंट परत आणून देतो' म्हणणारे सगळे ठग असतात, एकही खरा नाही.

चीटिंगमुळे लागलेला बॅन असेल तर मात्र सपोर्ट फारसं ऐकत नाही. स्टीमचा व्हॅक (त्यांची चीटिंग पकडणारी यंत्रणा) बॅन तर कायमचाच.

११. नोटिसा वाचा

दुकान बंद करताना कंपन्या आधी सांगतात. निन्टेन्डोने ३डीएस आणि वी यू या जुन्या मशीनचं ईशॉप २७ मार्च २०२३ ला बंद केलं, एक्सबॉक्स ३६० चं स्टोअर २९ जुलै २०२४ ला गेलं, दोन्हीची तारीख बरीच आधी जाहीर होती. अशी तारीख आली की आपल्या नावावरचं सगळं मशीनमध्ये उतरवून घ्या.

अकाउंट बदलायला सांगणाऱ्या नोटिसा त्याहून घातक. माइनक्राफ्टच्या जुन्या मोजांग (गेम बनवणारी कंपनी) अकाउंटवाल्यांना मायक्रोसॉफ्टवर हलवायला सांगितलं होतं, १९ सप्टेंबर २०२३ पर्यंत. ज्यांनी हलवलं नाही त्यांना गेम परत विकत घ्यावा लागला. तो मेल प्रमोशनच्या टॅबमध्ये पडून राहिला असेल कित्येकांच्या. स्टीमने १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ चा सपोर्ट काढला, म्हणजे जुना पीसी जपून ठेवला तरी त्यावर स्टीम चालेलच याची खात्री नाही.

१२. घरच्यांना आणि मशीन विकताना

आपल्यामागे अकाउंट कोणाच्या नावावर करून देता येत नाही, स्टीमच्या करारात तसं हस्तांतर बसत नाही. मृत्युपत्रात लिहूनही उपयोग नाही. त्यामुळे मुलांनी खेळावं असं वाटत असेल तर डीआरएम नसलेल्या गेम्सची हार्ड डिस्क आणि जुन्या डिस्का हीच काय ती खरी ठेव.

कन्सोल विकायचा असेल तर नुसतं फॅक्टरी रीसेट करून देऊ नका. आधी त्या मशीनवरचं शेअरिंग किंवा होम सेटिंग बंद करा, मशीनवरून अकाउंट हटवा, सेव्ह क्लाउडवर गेलेत ना बघा, मग रीसेट मारा. गडबडीत मशीन आधीच देऊन टाकलं असेल तर वेबसाइटवरून अकाउंट सेटिंग्जमध्ये जाऊन सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा आणि पासवर्ड बदला. सिरीयल नंबर मात्र वहीत तसाच राहू द्या, अकाउंट ज्या मशीनवर पहिल्यांदा चालू केलं त्याचा नंबर सपोर्टवाले नंतरही विचारू शकतात.